माझ्या फाईलवरचा लाल स्टिकर: मधुमेहावर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मधुमेहावर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, लॅबमधले व नोंदणीच्या खिडकीवरचे कर्मचारी आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मला टाईप २ मधुमेह होऊन १६ वर्षं झाली. मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाचते आणि त्यांतल्या चुकांवर लाल खुणा करते. गेल्या महिन्यात लाल खूण माझ्यावर झाली.

मी ज्या रुग्णालयात जाते तिथे आता फाईलींना रंगीत स्टिकर लावतात. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा, ७ ते ८ असेल तर पिवळा, ८ च्या वर गेलं की लाल. खिडकीतल्या मुलीने हे मला नीट समजावून सांगितलं, तिचा काही दोष नाही. थोड्या वेळाने आतून एक परिचारिका आली आणि मोठ्याने म्हणाली, "लाल स्टिकरवाले सगळे भिंतीकडच्या बाकांवर बसा. तुमचं समुपदेशन वेगळं होणार आहे." आम्ही नऊ जण उठलो. ओपीडी भरलेली होती, सगळ्यांनी मान वळवून बघितलं. एका बाईंनी फाईल पालथी करून मांडीवर ठेवली. माझ्या शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी नखाने स्टिकर खरवडायला घेतला. अर्धा निघाला, अर्धा तसाच चिकटून राहिला. माझा नंबर लागेपर्यंत ते खरवडतच होते.

समुपदेशनात आम्हाला सांगण्यात आलं की आमचा जिभेवर ताबा नाही, आम्ही पथ्य मोडतो, आणि हे असंच चाललं तर पुढे पाय कापावे लागतील.

सहा महिन्यांपूर्वी माझं एचबीएवनसी ८.९ होतं. त्या दिवशी ८.२ होतं. ते ०.७ खाली आणायला मी काय काय केलं हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं होतं की एचबीएवनसीतल्या प्रत्येक १ टक्का घटीमागे डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या. अमुक आकड्याच्या खाली आलं तरच फायदा, अशी कोणतीही रेघ त्यात सापडली नव्हती. म्हणजे ८.९ वरून ८.२ वर येणं हा माझ्या डोळ्यांना झालेला फायदा आहे. स्टिकरला तो दिसत नाही, कारण स्टिकरला फक्त रेघ कळते.

स्टिकर एका रुग्णालयाने लावला. त्यामागची भाषा मात्र मी या १६ वर्षांत निरनिराळ्या दवाखान्यांत ऐकत आले आहे, म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना. आणि ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या बाकीच्या आठ जणांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

सगळ्यात आधी एक कबुली देते, म्हणजे पुढचं का म्हणते आहे ते कळेल.

सहा वर्षांपूर्वी मी माझ्या तेव्हाच्या डॉक्टरांशी खोटं बोलले. रोजची शुगर लिहायची एक वही त्यांनी दिली होती. त्याच्या आधीच्या भेटीत वहीत एक २८६ होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले होते, "हे काय करून ठेवलंत?" त्या आठवड्यात माझी हिरडी सुजली होती, ताप होता, मला धड गिळताही येत नव्हतं. संसर्गात शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि त्यांनी शुगर चढते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना असणारच. पण प्रश्न हिरडीबद्दल आला नाही. "काय खाल्लंत?" असाच आला. मी नुसती मान खाली घातली.

पुढच्या भेटीच्या आदल्या रात्री मी टेबलाशी बसून तीन महिन्यांची वही एका बैठकीत भरली. निळं पेन आणि काळं पेन आलटून पालटून वापरलं, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसेल. १२८, १३४, १४१. मध्येच एक १६२ टाकला, फारच चांगलं दिसलं तर संशय येईल म्हणून. डॉक्टरांनी वही बघितली, "छान" म्हणाले आणि रात्रीचा डोस होता तोच ठेवला. तो वाढवायला हवा होता. काही आठवड्यांनी एचबीएवनसी ९.६ आलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही मला फसवलंत." ते खरंच होतं. त्यानंतर मी १४ महिने कोणत्याच डॉक्टरांकडे गेले नाही. गेले तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते आणि लेझर करावं लागलं.

डोळ्याचा सगळा दोष मी एका वाक्यावर ढकलत नाही. माझ्या वागण्याची जबाबदारी माझी आहे. पण दर भेटीला आपली उलटतपासणी होणार हे ज्याला माहीत असतं तो माणूस एकतर खोटा आकडा घेऊन येतो, नाहीतर येतच नाही. दोन्ही वेळा तुमच्या हातात उपचाराला काही उरत नाही. तुमचे शब्द हा उपचाराचाच भाग आहेत, असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार क्रियापदांची आहे. आपल्या भाषेत "शुगर वाढली" आणि "शुगर वाढवून ठेवलीत" या दोन वाक्यांत आकडा एकच असतो. पहिल्यात शरीरात काहीतरी घडलेलं आहे आणि ते का घडलं हे बघायचं आहे. दुसऱ्यात आरोपी ठरलेला आहे. "गोळी राहिली का?" आणि "गोळी चुकवता ना?" यांत तेवढाच फरक आहे. "पथ्य मोडलं" म्हणताना आपण व्रत मोडल्यासारखं बोलतो, "चोरून खाल्लं" म्हणताना तर सरळ चोरीच. स्वतःच्या ताटातलं, स्वतःच्या घरात खाल्लेलं चोरून कसं होईल? ही वाक्यं तुम्ही मुद्दाम दुखवायला बोलत नाही हे मला कळतं. ती तोंडात बसलेली आहेत. पण समोरच्याला ती आयुष्यभर, दर तीन महिन्यांनी ऐकायची असतात.

आकड्याचा प्रश्न याला लागूनच येतो. शुगर फक्त खाण्याने वर जात नाही. संसर्ग, अपुरी झोप, मनावरचा ताण, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेलं स्टेरॉइड, पाळीचं चक्र, इन्शुलिन पुन्हा पुन्हा एकाच जागी टोचल्याने तिथे तयार झालेली गाठ, या सगळ्यांनी ती हलते. पहाटे शरीर स्वतःहून काही संप्रेरकं सोडतं, त्यामुळे रात्री काहीही न खाता झोपलेल्या माणसाची सकाळची शुगर रात्रीपेक्षा जास्त येऊ शकते. मोजणाऱ्या यंत्रालाही मर्यादा आहेत. घरच्या ग्लुकोमीटरसाठी २०१३ चं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० आणि त्यावरच्या शुगरला १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. खरी शुगर २०० असताना यंत्राने १७० दाखवली काय किंवा २३० दाखवली काय, यंत्र मानकात बसतं. एचबीएवनसीचंही तसंच. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात म्हणून त्यातून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर ते असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणता. मग समोर आकडा आला की यातलं काहीच न आठवता एकदम जिभेचाच संशय का येतो?

दुसरी तक्रार इन्शुलिनची धमकी दिली जाते त्याबद्दल. "ऐकलं नाहीत तर इन्शुलिनवर टाकीन" हे वाक्य मी किमान तीन डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सुधारायला लागला. त्याआधी अशा मुलांना दिवस काढण्यासाठी जवळजवळ उपाशी ठेवत, आणि तरी ती फार जगत नसत. इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांच्या जन्मदिवशी, १४ नोव्हेंबरला, आपण जागतिक मधुमेह दिन पाळतो, तो या शोधासाठी. त्याच औषधाची तुम्ही शिक्षा करून टाकता. मग गरज पडते तेव्हा माणूस ते घ्यायला तयार होत नाही आणि तुम्ही म्हणता, "पेशंट नकार देतोय."

टाईप २ मध्ये वर्षांगणिक स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं काम मंदावत जातं. यूकेपीडीएसमध्ये ५,१०२ नव्याने निदान झालेली माणसं होती. १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की कोणताही उपचार असो, वर्षं जातात तसं एचबीएवनसी वर सरकत जातं आणि एका औषधाला दुसऱ्याची जोड द्यावी लागते. औषध अपुरं पडणं हा या आजाराचा स्वभाव आहे. तरी केसपेपरवर लिहिलं जातं की पेशंट गोळ्यांवर फेल. आजार पुढे सरकला आणि नापास झाला तो माणूस, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी तक्रार केसपेपरवरच्या शेऱ्यांची. माझ्या जुन्या केसपेपरवर दोन शब्द आहेत: "ऐकत नाही." मी ते वाचले, कारण फाईल मीच एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत नेत होते. तो शेरा पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी माझ्याशी बोलायच्या आधी वाचला. माझ्या कामात मी वाक्याखाली रेघ मारते तेव्हा नेमकं काय चुकलंय हे समासात लिहावं लागतं, नाहीतर लेखकाला ते दुरुस्त करता येत नाही. "ऐकत नाही" या शेऱ्यावरून पुढच्या डॉक्टरांना काय दुरुस्त करता येणार? "रात्रीचा डोस आठवड्यातून दोनदा राहतो, कामाची वेळ बदलती आहे" असं लिहिलं असतं तर त्यांनी डोसाची वेळ बदलली असती.

चौथी तक्रार माझी स्वतःची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी ओपीडीत एक तरुण आई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीला टाईप १ असल्याचं नुकतंच कळलं होतं. वजन करताना कर्मचारी सहज म्हणाली, "खूप गोड खायला द्यायचात का हो हिला?" मुलीने आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही, तिने मुलीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. टाईप १ मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याने तो होत नाही, आईच्या हातून काही चुकल्याने होत नाही. ते वाक्य त्या मुलीने ऐकलं आहे. तिला यापुढची सगळी वर्षं रोज इन्शुलिन घ्यायचं आहे, आणि हे आपल्या खाण्यामुळे झालं असं मनात धरून घ्यायचं की नाही हे त्या दिवशी त्या वजनकाट्यापाशी ठरू शकतं.

पाचवी तक्रार उलट बाजूची आहे. "थोडीशी शुगर आहे", "बॉर्डरला आहे, घाबरू नका", "साधीच आहे" ही वाक्यं धीर द्यायला बोलली जातात. मलाही पहिल्या वर्षी असंच सांगितलं होतं. त्यामुळे डोळ्यांची तपासणी दरवर्षी करायची असते हे मला पाच वर्षांनी कळलं. लाजवू नका म्हणते याचा अर्थ सौम्य करून सांगा असा घेऊ नका.

आणि भीती. दवाखान्यातल्या भिंतींवरचे कापलेल्या पायांचे फोटो आम्ही नंबर लागेपर्यंत बघत बसतो. पायाची संवेदना कमी होते, जखम कळत नाही आणि ती चिघळते, हे मला माहीत असायलाच हवं. पण त्या फोटोखाली रोज तळपाय कसा तपासायचा, बोटांच्या मधे काय बघायचं, कोणती लाली किंवा फोड दिसला की त्याच दिवशी यायचं, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. नुसतं भेदरलेलं माणूस पाय तपासत नाही. ते पायाकडे बघायचंच टाळतं. मी टाळलं आहे.

घरच्यांबद्दल एकच परिच्छेद लिहिते, कारण पत्र तुम्हाला आहे. घरात जे बोललं जातं ते बरंचसं तुमच्या खोलीतून घरी येतं. तपासणीला नवरा किंवा मुलगा बरोबर असतो, त्याच्याकडे वळून तुम्ही म्हणता, "यांच्यावर लक्ष ठेवा." त्या दिवसापासून जेवणाचं टेबल पहाऱ्याचं होतं. माझी मुलगी माझ्यावर अतिशय माया करते. तिने तीन वर्षं माझ्या प्रत्येक घासाकडे बघितलं, आणि त्या तीन वर्षांत मी स्वयंपाकघरात उभ्याने खायला शिकले. एकदा रात्री शुगर ५४ झाली, हात थरथरत होते, पाण्यात साखर ढवळताना चमचा वाजू नये म्हणून मी तो धरून ठेवला होता. कारण ती उठून आली असती आणि तिला साखरेचा डबा उघडा दिसला असता. ७० च्या खाली गेलं की साखर हेच औषध असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फक्त लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

तुमची बाजू मला दिसते. एका सकाळी तुमच्यासमोर किती माणसं येतात हे मी बाकावर बसून मोजलेलं आहे. मूत्रपिंड निकामी झालेली, दृष्टी गेलेली माणसं तुम्ही रोज बघता आणि समोरचा त्या वाटेने जाऊ नये म्हणून तळमळीने बोलता. त्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण "गेल्या वेळेपासून कसं चाललंय?" या वाक्याला "काय खाल्लंत?" पेक्षा जास्त वेळ लागत नाही. आणि वेळेचाच हिशोब करायचा तर माझी खोटी वही तपासण्यात गेलेला वेळ कशात धरायचा?

हे मागणं माझ्या एकटीच्या मनातून आलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या मधुमेह संघटनेने २०११ सालीच मधुमेहाविषयी नव्या भाषेचं निवेदन काढलं. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि मधुमेह शिक्षकांच्या संघटनेने २०१७ मध्ये एकत्र येऊन भाषेवर अहवाल दिला. त्यांच्या शिफारशी पाच आहेत: भाषा तटस्थ आणि वस्तुस्थितीवर आधारलेली असावी, कलंक लावणारी नसावी, माणसाच्या बळावर भर देणारी आणि आशा देणारी असावी, एकत्र काम करायला बोलावणारी असावी, आणि माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी असावी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्ये आपल्या लोकांसाठी अशीच पुस्तिका काढली. २०२४ मध्ये तर मधुमेहाशी जोडलेला कलंक संपवण्यासाठी अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून जाहीर मतैक्य मांडलं. शब्द बदलणं या शास्त्राला नवंही नाही. "इन्शुलिनवर अवलंबून असलेला" आणि "इन्शुलिनवर अवलंबून नसलेला" ही मधुमेहाची जुनी नावं गोंधळ करतात म्हणून १९९७ मध्ये बाजूला ठेवली गेली आणि टाईप १, टाईप २ ही नावं रुळली. आज ती तुम्ही सहज वापरता.

आपल्या भाषेत हे काम आपल्यालाच करावं लागेल, कारण आपली दुखरी वाक्यं आपली आहेत. "मधुमेहग्रस्त" हा शब्द बघा. "ग्रस्त" आपण पूर, दुष्काळ, आपत्ती यांना जोडतो. मी पुरात सापडलेली नाही. मी काम करते, घर चालवते आणि मला मधुमेह आहे. "मधुमेही" या शब्दाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, काहींना तो मुळीच खटकत नाही. मला "मधुमेह असलेली व्यक्ती" बरं वाटतं, पण त्यावर मी अडून बसणार नाही. समोरच्याला विचारा, ते पुरे. क्रियापदांवर मात्र मी अडून बसेन.

चांगलं बोलणारे आहेत, तेही सांगायला हवं. १४ महिन्यांनंतर मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांच्यापुढे मी रिकामी वही ठेवली होती. त्यांनी ती मिटून बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आलात हे फार बरं झालं. या आकड्यांवरून मला औषध ठरवता येतं, म्हणून ते खरे हवेत. बाकी त्यांचा काही अर्थ नाही. आता सांगा, दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती?" मी संध्याकाळ म्हणाले. मग आम्ही फक्त संध्याकाळबद्दल बोललो. गेल्या पाच वर्षांत मी त्यांना एकही खोटा आकडा दाखवलेला नाही. स्टिकर लावायचा निर्णय त्यांचा नव्हता.

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. फाईलीवर, केसपेपरवर किंवा बसण्याच्या जागेवरून कुणाची शुगर चारचौघांत कळेल अशी कोणतीही खूण नको. धोका जास्त असलेल्यांना आधी बघायचं असेल तर ती नोंद संगणकात करा, आम्हाला वेगळ्या बाकावर बसवू नका.

२. शुगर, वजन आणि एचबीएवनसी खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवू नका.

३. "ऐकत नाही", "पथ्य पाळत नाही", "फेल" हे शेरे केसपेपरवर लिहू नका. काय राहतं आणि कशामुळे राहतं ते लिहा. कारण कळलं नसेल तर आम्हाला विचारून लिहा.

४. आकडा वर दिसला की खाण्याच्या आधी आजारपण, झोप, ताण, चालू असलेली इतर औषधं आणि टोचण्याची जागा यांबद्दल विचारा. खाण्याबद्दलही जरूर विचारा, पण उत्तर ऐकायला विचारा.

५. इन्शुलिनची माहिती निदानाच्या पहिल्या वर्षातच द्या आणि औषध म्हणून द्या. ते धमकी म्हणून कुणीही वापरू नये.

६. आमचा आकडा सुधारलेला असेल तर तो तुमच्या रेघेच्या वर असला तरी तसं सांगा.

७. या आजाराचा मनावर येणारा भार वर्षातून एकदा तरी विचारा. रोज मोजणं, रोज टोचणं, रोज ठरवणं यांनी माणूस थकतं आणि त्या थकव्यावर उपाय असतात.

८. बरोबर आलेल्या घरच्यांना "लक्ष ठेवा" म्हणण्याऐवजी शुगर खाली गेली तर काय करायचं ते शिकवा.

९. भाषेचं प्रशिक्षण फक्त डॉक्टरांना नको. खिडकीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना द्या आणि शिकवणाऱ्यांत मधुमेह असलेली माणसं घ्या. मला बोलावलंत तर मी विनामोबदला येईन.

माझी पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. वही मी घेऊन येणार आहे. त्यात गेल्या महिन्यातला एक २४१ आहे आणि त्याच्यासमोर मी लिहिलंय: "समुपदेशनाचा दिवस. रात्री झोप नाही." तो आकडा मी खोडलेला नाही. माझ्या फाईलवरचा स्टिकर तेवढा आधी निघालेला असावा, आणि शेजारच्या त्या गृहस्थांच्या फाईलवर उरलेला अर्धाही.

आपली विश्वासू,
भिंतीकडच्या बाकावर बसलेल्या नऊ जणांपैकी एक